आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट काढा

परदेशातली ऐतिहासिक नगरभवनं कशी पाहावीत, याबद्दल या महिन्यात प्रश्न मागवले होते. पत्रांत स्टॉकहोमचीच गर्दी आहे, त्यामुळे हा अंक बराचसा त्याच इमारतीला दिला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यातूनच निघतात. नगरभवन म्हणजे तिथली महापालिका. राजवाड्यातला राजा गेलेला असतो, किल्ला ओस पडलेला असतो. नगरभवनात मात्र आजही फायली हलतात, सभा भरतात, लग्नं लागतात, मेजवान्या झडतात. पर्यटकाला उरलेल्या वेळात आत घेतात.

आमच्या सहलीच्या पत्रकात ‘स्टॉकहोम सिटी हॉल (बाहेरून)’ असं छापलंय. बाहेरून म्हणजे नेमकं काय? आणि आम्ही आपले आपण आत जाऊन फिरू शकतो का? – एक वाचक, पुणे

‘बाहेरून’ म्हणजे बस थांबणार, तुम्ही पंधरा-वीस मिनिटं फोटो काढणार आणि परत बसमध्ये. पत्रकात ‘आतून’ किंवा ‘मार्गदर्शकासह’ असे शब्द नसतील, तर आत नेणार नाहीत असंच धरून चाला. सहल ठरवण्याआधी विचारून घ्या, कारण पैसे भरल्यावर या कंसातल्या शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. स्टाड्सहूसेट (स्वीडिश लोक नगरभवनाला हेच म्हणतात) आतून पाहायचं तर त्यांच्याच मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळी, गटानेच जावं लागतं. फेरी साधारण पाऊण तासाची. इंग्रजी फेऱ्या रोज असतात आणि उन्हाळ्यात त्यांची संख्या वाढते. तिकिटाचा दर हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून जुन्या प्रवासवर्णनातला आकडा धरू नका.

चुकतं कुठे? लोक आधी विमान, मग हॉटेल आणि सगळ्यात शेवटी नगरभवनाची वेळ बघतात. महापालिकेचा एखादा समारंभ असेल तर त्या दिवशीच्या फेऱ्या कमी होतात किंवा पूर्ण बंद राहतात. कधी एखादं दालन तेवढं वगळलं जातं. म्हणून स्टॉकहोममध्ये दोन रात्री असतील, तर नगरभवन पहिल्या दिवशी ठेवा. फेरी हुकलीच, तर दुसरा दिवस हाताशी राहतो. त्यांच्या संकेतस्थळावर तारीखवार वेळा दिलेल्या असतात. त्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी बघा.

स्वीडनमध्ये रोख पैसे फारसे कुणी घेत नाही आणि यूपीआयही चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं फॉरेक्स कार्ड जवळ ठेवा. बॅगा घेऊन थेट इथे येऊ नका. मध्यवर्ती रेल्वे स्थानकात लॉकर आहेत, तिथे सामान टाका आणि मोकळ्या हातांनी चालत या.

नकाशात मेट्रोचं ‘रोडहूसेट’ स्टेशन दिसतं. नगरभवनासाठी तिथेच उतरायचं ना? – एक वाचिका, ठाणे

इथे भलेभले फसतात. ‘रोडहूसेट’चा शब्दशः अर्थ नगरभवनच होतो, पण स्टॉकहोममध्ये त्या नावाची इमारत म्हणजे न्यायालय. तीही जुनी आणि दणकट, तिलाही मनोरा आहे, त्यामुळे समोर उभं राहूनही चूक लक्षात येत नाही. मग प्रवेशद्वार शोधत माणूस भलत्याच इमारतीला फेरी मारतो आणि फेरीची वेळ टळून जाते.

तुम्ही ‘टी-सेंट्रालेन’ला उतरा. वर आलात की रेल्वे स्थानकासमोरून जाणारा वासागातान हा रस्ता धरा आणि पाण्याच्या दिशेने चालू लागा. पाणी दिसलं की उजवीकडे वळायचं. पूल ओलांडला की समोर लाल विटांची भिंत आणि तिच्या कोपऱ्यावरचा मनोरा. मनोऱ्याच्या टोकाला तीन सोनेरी मुकुट दिसले, म्हणजे तुम्ही बरोबर आलात. तीन मुकुट हे स्वीडनचं राजचिन्ह. हे सगळं दहा मिनिटांचं चालणं आहे. रोडहूसेटला उतरलाच असाल, तर घाबरायचं कारण नाही. तिथूनही दहा-बारा मिनिटांत पोचता येतं, फक्त दिशा पूर्वेची धरा.

वडील ७२, आई ६८. दोघांनाही मनोऱ्यावर जायचंय. लिफ्ट आहे असं ऐकलं. – एक वाचक, नागपूर

लिफ्ट आहे, पण अर्ध्यापर्यंतच. मनोरा १०६ मीटर उंच आहे आणि खालून वरपर्यंत ३६५ पायऱ्या, वर्षाच्या दिवसांइतक्या. लिफ्ट तुम्हाला मधल्या मजल्यावरच्या छोट्या संग्रहालयाशी सोडते. इमारतीच्या शिल्पांचे नमुने तिथे मांडले आहेत. तिथून वरचा रस्ता पायांनीच कापायचा. काही भाग पायऱ्यांचा, तर काही भाग विटांच्या अरुंद उताराचा आहे. हा उतार दोन भिंतींच्या मधून वळत वळत चढतो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून घ्यावं लागतं. छत डोक्याशी येतं, दूरचं काही दिसत नाही, त्यामुळे किती उरलंय याचा अंदाज लागत नाही. दम लागण्यापेक्षा कोंदटपणाचा त्रास जास्त होतो.

गुडघे दुखत असतील तर आईंना मधल्या मजल्यावर थांबवा, तिथे वेळ बरा जातो. चक्कर, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर वरचा टप्पा टाळाच. चाकाच्या खुर्चीसाठी मनोरा उपयोगाचा नाही. मुख्य दालनांची फेरी मात्र खुर्चीसह करता येते. तिकीट घेतानाच तसं सांगा, म्हणजे जिन्यांना वळसा घालून लिफ्टने नेतात.

वर जायचं तिकीट वेगळं असतं आणि तेही ठरावीक वेळेचं. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, आणि चढणं, बघणं, उतरणं हे सगळं त्याच वेळात बसवायचं असतं. म्हणून पहिल्याच खिडकीशी फोटोसाठी रेंगाळू नका. मोठी सॅक घेऊन वर जाता येत नाही. आणि मुख्य म्हणजे मनोरा उन्हाळ्यातच उघडा असतो, मे ते सप्टेंबर. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तो खालूनच बघावा लागतो.

नोबेल पारितोषिकं याच इमारतीत देतात ना? १० डिसेंबरच्या सुमारास गेलो तर काही बघायला मिळेल? – एक वाचक, कोल्हापूर

पारितोषिकं इथे देत नाहीत. ती देतात ‘कॉन्सर्टहूसेट’ नावाच्या संगीतगृहात. निळसर भिंतींची ती इमारत हॉटॉरिएट चौकात आहे आणि पायी पंधरा-वीस मिनिटांवर. नगरभवनात त्या रात्री मेजवानी असते. २०१९ साली अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि एस्तेर डुफ्लो साडी नेसून पदक घ्यायला गेले, ते या संगीतगृहात. मेजवानी मग नगरभवनाच्या निळ्या दालनात झाली. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या मराठी, त्यामुळे त्या धोतराचं आपल्याकडेही जरा जास्तच कौतुक झालं.)

मेजवानीला सुमारे १३०० पाहुणे असतात. ज्या दालनात त्यांना बसवतात ते उभं राहून बघितलंत, तर इतकी माणसं इथे मावतात कशी, हा प्रश्न पडेलच. उत्तर असं की प्रत्येक पाहुण्याला टेबलाची कड अवघी ६० सेंटिमीटर मिळते. पंक्तीत मांडीला मांडी लावून बसण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना त्यात विशेष वाटणार नाही. झगे आणि कडक कोट घालून बसणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. जेवण झालं की वरच्या सोनेरी दालनात नाच. पूर्वी, म्हणजे पाहुणे कमी होते तेव्हा, जेवणही सोनेरी दालनातच व्हायचं. गर्दी वाढत गेली आणि १९७४पासून पंगत खाली निळ्या दालनात आली.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. १० डिसेंबरच्या आसपास जाणं हा सगळ्यात वाईट बेत. मांडामांड, तालीम, सुरक्षा आणि नंतर आवराआवर यांपायी काही दिवस फेऱ्या बंद असतात. नोबेलसाठी गेलात आणि नोबेलमुळेच आत जाता आलं नाही, असं व्हायचं. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा त्यापेक्षा बरा, मात्र नाताळच्या सुट्ट्या तपासून घ्या. दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो हेही लक्षात ठेवा.

मेजवानीची चव घ्यायचीच असेल, तर त्याच इमारतीच्या तळघरात ‘स्टाड्सहूसशेलारेन’ नावाचं उपाहारगृह आहे. नोबेलच्या मेजवानीतले पदार्थ तिथे मिळतात. आधी नोंदणी लागते आणि खिसाही जड लागतो. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच सांगा, ऐनवेळी पर्याय फारसा उरत नाही.

निळं दालन लाल का आहे? मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही. – एक वाचिका, सांगली

वास्तुशिल्पी राग्नार ऑस्टबेरी यांच्या नकाशात ते निळंच होतं. भिंतींवर निळा थर द्यायचा बेत होता. पण विटांचं काम उभं राहिलं आणि त्यांना तो लाल रंग आवडला, म्हणून थर रद्द झाला. तोवर कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडी नाव बसलं होतं, ते तसंच राहिलं.

मुलाला घेऊन गेलात तर भिंतीच्या अगदी जवळ उभं करा. लांबून वीट मऊ, मखमलीसारखी वाटते. जवळून दिसतं की गुळगुळीत वीट अशी एकही नाही. विटा रचून झाल्यावर कारागिरांनी त्यांचा पृष्ठभाग हाताने, छिन्नी-हातोड्याने टोचून काढला आहे. आपल्याकडे पाटा-वरवंटा टाकवतात ना, तसंच. गुळगुळीत विटेवर वरून येणारा उजेड सरळ चकाकला असता. टोचलेल्या विटेवर तो विखुरतो आणि भिंत झगझगत नाही. या अख्ख्या इमारतीला सुमारे ८० लाख गडद लाल विटा लागल्या. आकाराने त्या नेहमीच्या विटेपेक्षा मोठ्या आहेत. जुन्या मठांच्या बांधकामात तसली वीट असायची, म्हणून स्वीडिशमध्ये तिला ‘भिक्षूंची वीट’ म्हणतात. १९११ ते १९२३ असं बारा वर्षं काम चाललं.

त्याच दालनात जिना बघा. पायऱ्या उंचीला कमी आणि रुंदीला जास्त आहेत. लांब झग्यातल्या बाईला पायांकडे न बघता उतरता यावं, यासाठी हे माप ठरवलं. मार्गदर्शक सांगतात की ऑस्टबेरींनी आपल्या बायकोला झगा घालून पुन्हा पुन्हा वर-खाली करायला लावलं आणि मग उंची पक्की केली. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीला, छोटा तारा कोरला आहे. उतरताना नजर त्याच्यावर ठेवली की मान खाली जात नाही. फेरीत तुम्हालाही उतरून बघायला सांगतात. तारा शोधायचा खेळ मुलांना आवडतो. मात्र त्या नादात मागच्याचा धक्का लागतो, म्हणून कडेने उतरा.

वर ऑर्गन आहे, १०,२७० नळ्यांचा. फेरीत तो वाजत नाही, तेव्हा त्याची वाट बघू नका.

सोनेरी दालनातल्या एका फोटोत घोड्यावरच्या राजाला डोकंच नाही. मोझेक तुटलंय की मुद्दाम तसं केलंय? – एक वाचक, नाशिक

तुटलेलं नाही. डोकं कधी बसलंच नाही. ते चित्र स्टॉकहोमचा रक्षक संत मानल्या जाणाऱ्या एरिक राजाचं. भिंतीच्या उंचीचा हिशेब चुकला, चित्र वर सरकलं आणि डोक्याच्या जागी छत आलं. कामाला वेळच तेवढा मिळाला होता. उद्घाटनाची तारीख २३ जून १९२३ ठरलेली होती, कारण १५२३ साली स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने स्टॉकहोममध्ये प्रवेश केला, त्या घटनेला ४०० वर्षं होत होती. आयनार फोर्सेट हा विशीतला चित्रकार, आणि दोन वर्षांत अख्खं दालन मढवायचं. बर्लिनच्या कारखान्यात मोझेकचे तुकडे जुळवले आणि ते इथे आणून बसवले. अशा घाईत डोकं राहिलं. एरिकचा अंत शिरच्छेदानेच झाला अशी कथा आहे, त्यामुळे तारीख सांभाळणाऱ्यांना सारवासारव करणं सोपं गेलं.

या दालनात काच आणि सोन्याचे मिळून सुमारे १ कोटी ८० लाख तुकडे आहेत. सोनं म्हणजे भरीव सोनं नव्हे. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख दाबलेला असतो. वर्ख काचेत बंद असल्याने तो काळा पडत नाही आणि घासूनही जात नाही.

आत शिरल्यावर सगळे धावतात ते उत्तरेच्या भिंतीवरच्या राणीकडे. ही ‘मेलारेन सरोवराची राणी’. तिच्या मांडीवर स्टॉकहोम आहे. डोळे केवढे तरी मोठे आणि केस सापांसारखे. तेव्हा बऱ्याच लोकांना ती अजिबात आवडली नव्हती. आजही ती सुंदर वाटते असं म्हणवत नाही, पण नजर हलत नाही हे खरं. तिच्या एका बाजूला पश्चिम जग आहे, तिथे आयफेल मनोरा आणि स्वातंत्र्यदेवता सापडतील. दुसऱ्या बाजूला पूर्व, आणि पूर्वेची खूण म्हणून हत्ती. मुलांना हत्ती आधी शोधायला सांगा.

फोटोसाठी फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅश मारला की वर्खावरून उजेड उलटतो आणि मधोमध पांढरा डाग येतो. भिंतीसमोर सरळ उभं राहण्यापेक्षा तिरकं उभं राहिलात तर सोनं जास्त सोनेरी दिसतं. फेरीत इथे पाचेक मिनिटंच मिळतात, म्हणून आधी राणी, मग वळून दारावरचा बिनडोक्याचा घोडेस्वार, असा क्रम ठेवा.

मी आमच्या नगरपरिषदेत दोन वेळा सदस्य होतो. तिथली सर्वसाधारण सभा बघता येईल का? – एक वाचक, लातूर

येईल, आणि फुकट. सभा सहसा सोमवारी दुपारनंतर भरते, पण दर सोमवारी नाही. महापालिकेच्या सभांचं वेळापत्रक आधी बघा. सभागृहात १०१ सदस्य बसतात, दर चार वर्षांनी निवडून येतात. वर नागरिकांसाठी सज्जा आहे. त्यात २०० माणसं मावतात. कामकाज स्वीडिशमध्ये चालतं, त्यामुळे शब्द कळणार नाहीत. तरी सभापती वेळ कसा पाळतात, सदस्य बोलायला कुठे उभे राहतात, हे तुमच्यासारख्याला बघण्याजोगं आहे.

मान वर केलीत की छताच्या उघड्या तुळया दिसतील. व्हायकिंगांच्या लांबट घराच्या छपरासारखी त्यांची रचना आहे. काहींना ती उलटी घातलेली होडी वाटते. छत १९ मीटर उंचीवर आहे. सभा चालू असेल त्या वेळी पर्यटकांच्या फेरीतून हे दालन वगळतात. म्हणजे सोमवारी फेरीला येणाऱ्याला ते हुकू शकतं आणि सज्जात बसणाऱ्याला मात्र दोन तास निवांत मिळतं.

भाचा स्टॉकहोममध्ये नोकरीला आहे. त्याला तिथल्या नगरभवनात नोंदणी लग्न करायचंय. विधी केवढा असतो? – एक वाचिका, डोंबिवली

आपल्याकडे अंतरपाट धरायला जेवढा वेळ जातो, त्याहून कमी. छोटा विधी निवडला तर एक मिनिटही लागत नाही. मोठा म्हणजे काही मिनिटांचा. लग्नं ‘ओव्हाल’ नावाच्या लंबगोल दालनात लागतात. भिंतींवर सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या बोव्हे इथे विणलेले गालिचे आहेत. लग्नाच्या गर्दीचा वार शनिवार.

त्याला आधी कर खात्याकडून ‘लग्नाला अडथळा नाही’ असा दाखला काढावा लागेल. तो चार महिने चालतो. दाखला आधी काढला आणि तारीख लांबची मिळाली, तर तो वाया जातो. म्हणून तारखेची चौकशी आधी करावी. दोन साक्षीदार लागतात. खुर्च्या मोजक्याच असतात, भारतातून सगळं गोत न्यायचा विचार असेल तर तो आवरा.

तिकीट न काढता काय काय बघता येतं? आणि सगळ्यात चांगला फोटो कुठून येतो? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बरंच काही. कमानीतून आत गेलात की विटांचं मोठं अंगण लागतं आणि त्याच्या पलीकडे थेट पाण्याला लागलेली बाग. दोन्हींना तिकीट नाही. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांशी कार्ल एल्ड यांनी घडवलेले दोन पुतळे आहेत, एक ‘गाणं’ आणि एक ‘नृत्य’. दशमी-चटणी किंवा ठेपल्यांचा डबा सोडायला ही जागा उत्तम. कागद-पिशव्या मात्र बरोबर परत न्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी, बाहेरच्या बाजूला, सोनेरी झळाळीचा एक शवपेटीसारखा चबुतरा दिसेल. स्टॉकहोमचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या बिरयेर यार्लची ती समाधी. पण ती रिकामी आहे. त्याचे अवशेष वार्नहेमच्या मठातच राहिले.

फोटोसाठी इमारतीपासून लांब जा. समोरच्या सॉडरमाल्म बेटावर मॉन्टेलियसव्हेगन नावाची कड्याकाठची पायवाट आहे. मेट्रोने मारियाटोरियेटला उतरून थोडं चढलात की खाली पाणी आणि पलीकडे अख्खं नगरभवन. इमारत तिथून उत्तरेला येते, म्हणजे दिवसभर सूर्य तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असतो आणि विटा उजळलेल्या दिसतात. सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं सगळ्यात चांगली, पण जूनमध्ये ती रात्री दहानंतर येतात. हिवाळ्यात ती पायवाट बर्फाने निसरडी होते. साध्या बुटांनी जाऊ नका.

ऑस्लोचं नगरभवनही बघावं का, की एक बघितलं म्हणजे झालं? – एक वाचिका, पणजी

ऑस्लोला जात असाल तर जरूर. शांततेचं नोबेल तिथल्या नगरभवनात देतात, १९९०पासून. २०१४ साली कैलाश सत्यार्थी आणि मलाला युसुफझाई यांना ते तिथेच मिळालं. इमारत १९५०ची, बाहेरून दोन चौकोनी मनोऱ्यांची आणि जरा रुक्ष. आत मात्र भिंती भरून रंगीत चित्रं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि मार्गदर्शक असलाच पाहिजे असंही नाही. समारंभ असेल तर तीही बंद असते, हा नियम दोन्हीकडे सारखाच. फक्त ही इमारत बघायला स्टॉकहोमहून ऑस्लोला जाणं मात्र परवडणारं नाही.

परदेशातली नगरभवनं बघतो, पण मुंबई महापालिकेची इमारत रोज लोकलमधून उतरल्यावर नुसती समोरून जाते. ती आतून बघता येते का? – एक वाचक, मुलुंड

येते. जानेवारी २०२१मध्ये महापालिका आणि एमटीडीसीने मिळून तिथे वारसा फेरी सुरू केली, शनिवार-रविवारची. दिवस तेच का, हे उघड आहे. कार्यालयाला सुट्टी असते आणि जिने मोकळे असतात. फेरी त्या महिन्यात चालू आहे का आणि जागा आहे का, हे एमटीडीसीकडे विचारूनच निघा. निवडणुकीच्या किंवा बंदोबस्ताच्या दिवसांत ती थांबू शकते. ओळखपत्र जवळ ठेवा.

आत काय बघायचं हे आधी ठरवा. सभागृह ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच आहे. लांबीच्या मानाने उंची एवढी, की आवाज वर जातो आणि माणूस बारीक वाटतो. मधल्या घुमटाखाली जिन्यावर उभं राहून वर बघा. बाहेर आल्यावर पुन्हा वर बघा, दर्शनी भागावरची पंख असलेली स्त्री आणि ‘अर्ब्स प्रिमा इन इंडिस’ म्हणजे ‘हिंदुस्थानातलं पहिलं शहर’ हे लॅटिन शब्द तिथे आहेत. समोर सर फिरोजशहा मेहता उभे आहेत.

वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, म्हणजे रस्त्यापलीकडचं सीएसएमटी ज्यांनी बांधलं तेच. महापालिकेसाठी दोन आराखडे विचारात होते. स्टीव्हन्स यांचा गॉथिक (टोकदार कमानींची युरोपीय शैली), तर रॉबर्ट चिझम यांचा इंडो-सारासेनिक (भारतीय आणि युरोपीय शैलींचं मिश्रण). पसंत पडला गॉथिक. पायाचा दगड व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ९ डिसेंबर १८८४ रोजी बसवला आणि इमारत पूर्ण झाली १८९३ साली. मंजूर खर्च होता ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्षात लागले ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये उरले. महापालिकेच्या बांधकामाबद्दलचं हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल, पण आकडे बरोबर आहेत.

बाहेरून फोटो काढायचा तर सकाळी लवकर, रविवारी. इतर दिवशी बस, टॅक्सी आणि फेरीवाले यांच्यामधून दर्शनी भाग पूर्ण सापडत नाही. रस्त्यापलीकडे, सीएसएमटीच्या बाजूच्या पदपथावर उभे राहिलात तर मधला घुमट आणि पंखांची मूर्ती एका चौकटीत येतात. सिग्नल पडेपर्यंत थांबा, मधल्या दुभाजकावर उभं राहून काढू नका.